उष्णतेचा जमाखर्च : रुडॉल्फ डिझेल याचें चरित्र

शाळा सुटण्याच्या वेळीं कोणत्याहि मोठ्या शहरांतील शाळेच्या फाटकाबाहेर क्षणभर उभें राहून पाहावें. मुलांना नेण्यासाठीं आलेल्या मोटारींची रांग लागलेली असते. तींत हल्लीं एसयूव्ही या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या उंच, रुंद व भारदस्त मोटारींचा भरणा विशेष असतो. कित्येकांचें इंजिन बंदहि केलेलें नसतें. आंत गारवा राहावा म्हणून तें तसेंच घरघरत ठेवलेलें असतें. वाट पाहणारे पालक एकमेकांशीं बोलूं लागले, कीं थोड्याच वेळांत गाडी ॲव्हरेज किती देते हा प्रश्न निघतोच. एका लिटरांत कोणाची गाडी १० किलोमीटर जाते, कोणाची १५. आणि उत्तराबरोबर कोणाचा चेहरा फुलतो, तर कोणाचा उतरतो.

या मोटारींपैकीं पुष्कळ डिझेलवर चालतात. पंपावर आपण ज्या तेलाची मागणी करतों, त्याचें नांव हें मुळांत एका मनुष्याचें आडनांव आहे, ही गोष्ट मात्र त्या रांगेंतील फार थोड्यांना ठाऊक असेल. जाळलेल्या इंधनापासून अधिक काम कसें काढावें, या एकाच प्रश्नाच्या मागें त्या मनुष्यानें आपलें सारें आयुष्य वेंचलें. त्याचें चरित्र वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें निव्वळ यशाचें चरित्र नाहीं. उष्णता कोठून गळते हें ज्याला जगांत सर्वांत चांगलें कळलें, त्याला आपला पैसा कोठून गळतो हें वेळेवर कळलें नाहीं. म्हणूनच तें विद्यार्थ्यांप्रमाणें पालकांनींहि वाचण्याजोगें आहे, असें आम्हांस वाटतें.

रुडॉल्फ डिझेल याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजीं पॅरिस शहरांत झाला. त्याचे आईबाप जर्मन होते. वडील थिओडोर हे बव्हेरियांतील ऑग्सबर्ग या गांवचे. पुस्तकें बांधणें हा त्यांच्या घराण्याचा धंदा. पॅरिसमध्यें ते चामड्याच्या शोभिवंत वस्तू तयार करून विकीत असत. मिळकत बेताचीच, त्यामुळें तयार झालेला माल गिऱ्हाइकांच्या घरीं पोंचविण्याचें काम लहान रुडॉल्फकडे असे. त्यांतून थोडी सवड मिळाली, कीं शहरांतील यंत्रांच्या संग्रहालयांत जाऊन तासन् तास यंत्रें न्याहाळीत राहणें व घरीं येऊन त्यांचीं चित्रें काढणें, हा त्याचा आवडता छंद होता. अठराव्या शतकांत क्यून्यो नांवाच्या एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानें बांधलेली वाफेची तीनचाकी गाडी त्या संग्रहालयांत होती. घोड्यावांचून चालणाऱ्या साऱ्या गाड्यांची ती आजीच म्हणावयाची. पुढें ज्याच्या नांवानें असंख्य गाड्या धांवावयाच्या होत्या, तो मुलगा त्या आजीपुढें उभा राहून डोळे भरून तिला पाहात असे.

१८७० सालीं फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध जुंपलें. पॅरिसमधील जर्मन लोकांना शहर सोडणें भाग पडलें. डिझेल कुटुंब होतें नव्हतें तें टाकून लंडनला गेलें. परमुलुखांत पोटापाण्याची विवंचना. अशा स्थितींत मुलाचें शिक्षण कसें व्हावें? अखेर बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्ग येथें बार्निकेल नांवाच्या नातलगाकडे पाठविण्याचें ठरलें. युद्धानें विस्कळित झालेल्या आगगाड्यांतून एकट्यानें प्रवास करीत तो मुलगा तेथें जाऊन पोंचला. बार्निकेल हे गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या घरांतील शिस्त, पुस्तकें व माया या तिन्हींचा लाभ रुडॉल्फला झाला, आणि आपण इंजिनिअरच व्हावयाचें असा निश्चय त्यानें थोड्याच दिवसांत करून टाकला.

ऑग्सबर्ग येथील शाळेंत त्याला एक लहानशी वस्तु पाहावयास मिळाली. कांचेची एक नळी, तींत घट्ट बसणारा दट्ट्या, आणि तळाशीं कापसासारख्या जळाऊ पदार्थाचा बारीक तुकडा. दट्ट्या जोरानें दाबला, कीं आंतील हवा एकाएकीं आकुंचन पावून इतकी तापे कीं त्या तुकड्याला ठिणगी लागे. काडी नाहीं, गारगोटी नाहीं, केवळ दाबलेल्या हवेंतून अग्नि! ज्या विद्यार्थ्यांनीं सायकलच्या चाकांत पंपानें हवा भरली आहे, त्यांना पंपाचें तोंड गरम झालेलें आढळलें असेल. हा त्याचाच मोठा भाऊ. वर्गांतील कित्येक मुलांनीं ती गंमत पाहिली व विसरून गेलीं. रुडॉल्फच्या मनांत मात्र ती ठिणगी विझली नाहीं.

१८७५ सालीं शिष्यवृत्ति मिळवून तो म्युनिक येथील तंत्रविद्यालयांत दाखल झाला. मुलानें आतां कमावूं लागावें अशी आईबापांची इच्छा होती. परंतु त्यानें शिकवण्या करून व काटकसरीनें राहून शिक्षण चालूच ठेविलें. म्युनिकमध्यें कार्ल फॉन लिंडे हे उष्णताशास्त्राचे थोर अध्यापक होते. बर्फ तयार करण्याच्या यंत्रांमुळें त्यांचें नांव पुढें सर्वत्र झालें. १८७८ सालच्या सुमारास त्यांच्या एका व्याख्यानांत रुडॉल्फनें असें ऐकलें, कीं वाफेच्या इंजिनांत जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकीं शेंकडा ६ ते १० एवढाच भाग खऱ्या कामीं लागतो. म्हणजे १०० रुपयांचा कोळसा भट्टींत घालावा, आणि काम पदरांत पडावें जेमतेम ६ ते १० रुपयांचें. बाकीचे ९० रुपये धुरांड्यांतून व वाया जाणाऱ्या वाफेंतून निघून जावे! ज्या वाफेच्या इंजिनानें युरोपांतील कारखाने, आगगाड्या व आगबोटी चालविल्या, त्याचा जमाखर्च असा होता.

सादी कार्नो या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८२४ सालींच दाखवून दिलें होतें, कीं उष्णतेपासून काम मिळण्याला एक कमाल मर्यादा असते, आणि तप्त व थंड या दोन टोकांमधील अंतर जितकें मोठें, तितकी ती मर्यादा वर जाते. या मर्यादेच्या जवळ जाणारें इंजिन प्रत्यक्ष बांधतां येईल काय, याचा विचार करावयाचा, असें टिपण विद्यार्थी डिझेलनें आपल्या वहीच्या समासांत करून ठेविलें. वहीच्या समासांत आपण सारेच कांहींना कांहीं लिहितों. परंतु समासांतील एका ओळीपायीं पुढील वीस वर्षें खर्ची घालणारा विद्यार्थी विरळा.

परीक्षेच्या वेळीं विषमज्वरानें तो अंथरुणास खिळला व त्याची परीक्षा हुकली. पुढील परीक्षेपर्यंतचा काळ त्यानें रिकामा न दवडतां स्वित्झर्लंडमधील सुल्झर यांच्या यंत्रशाळेंत हातांनीं काम शिकण्यांत घालविला. जानेवारी १८८० मध्यें तो परीक्षेस बसला, तेव्हां त्या विद्यालयाच्या आरंभापासून कोणालाहि मिळाले नव्हते इतके गुण त्याला मिळाले. लगेच लिंडे यांनीं त्याला पॅरिसमधील आपल्या बर्फाच्या कारखान्यावर नेमलें. अग्नीचें कोडें सोडवूं पाहणाऱ्या मनुष्यानें दहा वर्षें बर्फ विकून पोट भरावें, हा योग मोठा मौजेचा. १८८३ सालीं मार्था फ्लाशे या जर्मन तरुणीशीं त्याचा विवाह झाला, व पुढें त्यांना तीन मुलें झालीं.

दिवसां नोकरी व रात्रीं प्रयोग, असा त्याचा क्रम चालूं राहिला. पाण्याच्या वाफेऐवजीं अमोनियाची वाफ वापरून इंजिन चालवितां येईल, या कल्पनेच्या मागें त्यानें कित्येक वर्षें घालविलीं. तें यंत्र काहीं केल्या व्यवहारांत उतरेना. परंतु त्या अपयशांतूनच त्याला योग्य वाट दिसली. अमोनिया कशाला, वाफ तरी कशाला? भट्टी, बॉयलर, नळ्या हा सारा पसारा म्हणजे उष्णता गळण्याचीं भोकें. साधी हवाच पुष्कळ दाबावी, म्हणजे ती आपोआप तापेल. आणि त्या तापलेल्या हवेंत थोडें थोडें इंधन सोडावें, म्हणजे तें सिलिंडरच्या पोटांतच जळेल. शाळेंतील ती कांचेची नळी येथें त्याच्या मदतीस आली.

१८९२ च्या फेब्रुवारींत, बर्लिन येथें राहात असतां, त्यानें पेटंटसाठीं अर्ज केला, व पुढच्याच वर्षीं आपली उपपत्ति एका लहान पुस्तकांत प्रसिद्ध केली. येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. या पुस्तकांतील त्याचें गणित प्रत्यक्षांत उतरण्यासारखें नव्हतें. त्यानें कल्पिलेला दाब त्या वेळच्या कोणत्याहि पोलादी सिलिंडरला पेलण्याजोगा नव्हता, व पेलला असता तरी इंजिनाची सारी शक्ति हवा दाबण्यांतच खर्च झाली असती. टीकाकारांनीं हें दाखविलें. डिझेलनेंहि तें ओळखलें व आपली योजना बदलली. पेटंटांतील इंजिन एक व प्रत्यक्ष बांधलेलें इंजिन दुसरें, असा आक्षेप त्याच्यावर जन्मभर येत राहिला, तो यामुळेंच. चूक सुधारणें हा गुण खरा; परंतु ती चारचौघांत मोकळेपणानें कबूल करणें त्याला नेहमींच जड गेलें.

ऑग्सबर्ग येथील यंत्रकारखान्याचे चालक हाइन्रिख बुट्स यांनीं प्रथम नकार दिला. मग विचार करून प्रयोगासाठीं जागा, माणसें व साहित्य देण्याचें कबूल केलें. प्रसिद्ध क्रुप यांचीहि मदत मिळाली. सुमारें १० फूट उंचीचें पहिलें इंजिन १८९३ च्या उन्हाळ्यांत उभें राहिलें. १० ऑगस्ट रोजीं सिलिंडरमध्यें इंधन सोडतांच दाब मोजण्याचें उपकरण मोठा आवाज होऊन फुटलें व त्याचे तुकडे जवळ उभ्या असलेल्या मंडळींच्या अंगावरून गेले. सुदैवानें जीवितहानि झाली नाहीं. यंत्र स्वतःच्या बळावर चाललें नाहीं हें खरें. परंतु केवळ दाबलेल्या हवेनें इंधन पेट घेतें, ही गोष्ट त्या स्फोटानेंच सिद्ध केली. दुसरा कोणी घरीं बसला असता. डिझेल मात्र त्या दिवशीं आनंदांत होता.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजीं इंजिन प्रथमच आपल्या शक्तीनें फिरलें. मिनिटाला ८८ फेरे, आणि तेंहि एकच मिनिट. पट्ट्याच्या साहाय्यानें बाहेरून फिरविलें जाणारें यंत्र आतां स्वतःच पट्टा ओढूं लागलें आहे, हें एका कारागिराच्या लक्षांत आलें. त्यानें मुकाट्यानें डोक्यावरची टोपी काढून डिझेलला मान दिला, असें सांगतात. या एका मिनिटापासून भरंवशाच्या इंजिनापर्यंत पोंचावयास आणखी तीन वर्षें लागलीं. दट्ट्याचीं कडीं गळत, इंधन नीट फवारलें जात नसे, धूर होई, झडपा अडकत. प्रत्येक दोषाची नोंद, प्रत्येक बदलाचें माप व प्रत्येक प्रयोगाचा आलेख त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं ठेविला.

अखेर फेब्रुवारी १८९७ मध्यें म्युनिकचे प्राध्यापक श्रोएटर यांनीं त्रयस्थ परीक्षक म्हणून इंजिनाची कसून तपासणी केली. सुमारें २० अश्वशक्तीच्या त्या यंत्रानें इंधनाच्या उष्णतेपैकीं शेंकडा २६.२ भाग कामांत आणला! एक अश्वशक्ति तासभर मिळण्यास सुमारें २३८ ग्रॅम रॉकेल पुरलें. त्या काळच्या चांगल्या वाफेच्या इंजिनांपेक्षां हें प्रमाण सुमारें दुप्पट होतें. तें ऐतिहासिक यंत्र म्युनिकच्या सुप्रसिद्ध संग्रहालयांत जतन करून ठेविलेलें आहे.

या यंत्राचें मर्म आमच्या विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानीं घ्यावें. पेट्रोलच्या इंजिनांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण दाबून मग विजेच्या ठिणगीनें पेटवितात. तें मिश्रण फार दाबलें, तर ठिणगीपूर्वींच भडकतें. म्हणून दाबण्याला मर्यादा पडते. डिझेलनें नुसती हवा दाबली. हवेला भडकण्याची भीति नाहीं. तेव्हां तिचा दाब बाहेरील हवेच्या ३० पटींहून अधिक नेतां येतो. अशा लाल तापलेल्या हवेंत तेलाचा फवारा सोडला, कीं तो ठिणगीवांचून पेटतो. जितकें दाबावें तितकें मग फुलतां येतें, आणि जितकें फुलावें तितकें त्याच थेंबाचें काम अधिक मिळतें. डिझेलच्या काटकसरीचें रहस्य एवढेंच.

यश येतांच पैशाचा पाऊस पडूं लागला. अमेरिकेंतील हक्कांसाठीं ॲडॉल्फस बुश या धनिकानें दहा लक्ष मार्क दिले. रशियांतील हक्क नोबेल घराण्यानें घेतले. १८९८ सालीं निघालेल्या एका कंपनीनें त्याचे उरलेले हक्क ३५ लक्ष मार्कांस विकत घेतले. मात्र त्यांतील बराच भाग रोख नसून शेअरांच्या रूपानें होता. आगपेट्यांच्या एका कारखान्यांत बसविलेलीं पहिलीं इंजिनें वरचेवर बिघडूं लागलीं. घाईघाईनें उभारलेल्या त्याच्या स्वतःच्या कारखान्यांतून निघालेलीं यंत्रें तर गिऱ्हाइकांनीं परत पाठविलीं. प्रयोगशाळेंत जें साधलें, तें कारखान्यांत साधावयास ऑग्सबर्गच्या कारागिरांना आणखी कांहीं वर्षें खपावें लागलें. इकडे पेटंटाविषयींचे खटले व टीकाकारांचे वाग्बाण यांनीं डिझेलचें डोकें शिणलें. त्याच वर्षाच्या अखेरीस विश्रांतीसाठीं त्याला आरोग्यधामांत राहावें लागलें.

तथापि यंत्राची कीर्ति थांबली नाहीं. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालें. ज्या शहरांतून बारा वर्षांचा मुलगा निर्वासित होऊन निघाला होता, त्याच शहरानें हा सन्मान करावा, हें विशेष. त्याच प्रदर्शनांत एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें, व तें इतकें सुरळीत चाललें, कीं इंधन बदलल्याचें फार थोड्यांच्या लक्षांत आलें. शेतांत पिकणाऱ्या तेलावर यंत्रें चालवितां येतील, ही कल्पना डिझेलनें पुढें आग्रहानें मांडली. आज वनस्पतींच्या तेलापासून केलेल्या डिझेलची जी चर्चा चालते, तिचें मूळ येथें आहे.

त्याच्या मनांतील आणखी एक हेतु सांगितला पाहिजे. अजस्र वाफेचीं इंजिनें फक्त मोठ्या भांडवलवाल्यांना परवडत, त्यामुळें लहान कारागीर मोडकळीस येत होता. विणकर, सुतार, छापखानेवाला अशा लहान धंदेवाल्यालाहि स्वतःची यंत्रशक्ति मिळावी, अशी त्याची तळमळ होती. १९०३ सालीं त्यानें समाजांतील परस्परसहकार्यावर एक पुस्तक लिहून प्रसिद्ध केलें. इंजिनाहून हें कार्य आपण मोठें मानतों, अशी त्याची भावना होती. परंतु त्या पुस्तकाच्या फारच थोड्या प्रती खपल्या.

पुढील दहा वर्षांत त्याचें इंजिन समुद्रावर गेलें. १९११ सालीं दक्षिण ध्रुवावर प्रथम पाऊल ठेवणाऱ्या आमुंडसेनच्या ‘फ्राम’ जहाजावर डिझेल इंजिन होतें. १९१२ सालीं डेन्मार्कमध्यें बांधलेलें ‘सेलांडिया’ हें धुरांडें नसलेलें मोठें जहाज कोपनहेगनहून निघून थेट बँकॉकपर्यंत जाऊन आलें. कोळशाच्या कोठाराची जागा मालाला मिळाली, आणि भट्टीपुढें घाम गाळणाऱ्या माणसांचे हाल चुकले.

परंतु याच काळांत डिझेलच्या घरचा जमाखर्च मात्र उलट्या दिशेनें चालला होता. म्युनिकमध्यें त्यानें राजवाड्यासारखें घर बांधलें. जमिनींच्या खरेदी-विक्रींत व तेलाच्या विहिरींत त्यानें पैसा गुंतविला, व तो बुडाला. शेअरांची किंमत नाहींशी झाली. खटले पैसा खातच होते. सिलिंडरमधील दर अंशाचा हिशेब ठेवणाऱ्या या मनुष्यानें घरचा हिशेब नीट पाहिला नाहीं. आणि पाहिला तेव्हां तो कोणास दाखविला नाहीं. बाहेरून वैभव तसेंच राहिलें, आंतून कर्ज वाढत गेलें. घरच्या मंडळींनाहि त्याची पुरी कल्पना नव्हती.

२९ सप्टेंबर १९१३ रोजीं सायंकाळीं तो बेल्जममधील अँटवर्प बंदरांत इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ या आगबोटीवर चढला. लंडन येथें एका कंपनीच्या सभेस त्याला जावयाचें होतें. सोबतच्या दोघां मित्रांबरोबर त्यानें जेवण केलें, डेकवर फेऱ्या मारल्या, व रात्रीं दहाच्या सुमारास निरोप घेऊन तो आपल्या खोलीकडे गेला. सकाळीं खोली रिकामी होती व बिछाना अस्पर्श होता. कांहीं दिवसांनीं एका डच बोटीला समुद्रांत एक प्रेत आढळलें. त्याच्या खिशांतील वस्तू त्याच्या मुलानें ओळखल्या. देह मात्र खलाशांनीं त्या वेळच्या रिवाजाप्रमाणें समुद्रालाच परत दिला होता. तो अपघात होता, कीं चिंतेनें ग्रासलेल्या मनाचा तो शेवट होता, याचा निर्णय कधींच लागला नाहीं. त्यावर तर्क लढविण्यापेक्षां आम्हांस एवढेंच सांगावेंसें वाटतें, कीं मनावरचा दाब कोणाजवळ तरी मोकळा केला पाहिजे. घरांत अडचण असेल, तर बापानें ती कुटुंबापासून लपवूं नये, आणि मुलानेंहि आपलें दुःख आईबापांपासून वा शिक्षकांपासून लपवूं नये. इंजिनाला सुद्धां झडप असते.

त्याच्या हयातींत त्याचें इंजिन लहान गाडींत मावण्याइतकें हलकें झालें नव्हतें. इंधन फवारण्यासाठीं दाबलेल्या हवेचें जड यंत्र लागे. पुढें इतर संशोधकांनीं केवळ पंपानें फवारण्याची युक्ति काढली, व रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें १९२७ पासून असे पंप मोठ्या प्रमाणावर तयार केले. १९३६ सालीं मर्सिडीज-बेंझ यांनीं डिझेलवर चालणारी मोटार विक्रीस काढली. १०० किलोमीटरच्या प्रवासास तिला सुमारें ९.५ लिटर इंधन लागे. तशाच पेट्रोल-मोटारीस सुमारें १३ लिटर. आपल्याकडे १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि महाराष्ट्रांतील कितीतरी विहिरींवर बैलांच्या मोटेच्या जागीं इंजिनाची फटफट ऐकूं येऊं लागली. लहान माणसाला यंत्रशक्ति मिळावी ही डिझेलची इच्छा, त्यानें कधीं न पाहिलेल्या आमच्या शिवारांत अशी फळास आली.

आज जहाजांवरील प्रचंड डिझेल इंजिनें इंधनाच्या उष्णतेपैकीं सुमारें निम्मा भाग कामीं लावतात. परंतु जमेबरोबर खर्चाची बाजूहि वाचली पाहिजे. डिझेलच्या धुरांतील सूक्ष्म काजळी व विषारी वायु फुप्फुसांना घातक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं हा धूर कर्करोगकारक ठरविला. शिवाय एक लिटर डिझेलमध्यें एक लिटर पेट्रोलपेक्षां मुळांतच उष्णता थोडी अधिक असते. तेव्हां ॲव्हरेजच्या आंकड्यांतील सारीच बढाई इंजिनाची नसते.

आतां शाळेच्या फाटकाबाहेरील त्या रांगेकडे परत वळूं. इंजिन कितीहि काटकसरी असलें, तरी चालविणारा उधळ्या असेल तर उपयोग काय? मोटार उंच व रुंद असली, कीं तिला हवा कापीत जाण्यास अधिक जोर लागतो. आणि हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ८० किलोमीटरऐवजीं १०० नें हांकली, तर वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून अधिक. म्हणून मोठ्या रस्त्यावर थोडा संयम हीच मोठी बचत. टपावरील कॅरिअर काम नसतां काढून ठेवावा. टायरांतील हवा गाडी थंड असतां, गाडीच्या पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें भरावी. मऊ चाक इंधन खातें. पाठीमागें साठलेलें निरुपयोगी सामान उतरवावें. पुढचा सिग्नल लाल दिसतांच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, कारण ब्रेक मारणें म्हणजे जाळलेलें तेल चाकांच्या घर्षणांत पुन्हा जाळणें. थांबावयाचें असेल तेथें इंजिन बंद करावें. आणि शाळा हांकेच्या अंतरावर असेल, तर मुलांना चालूं द्यावें. थंड इंजिनाच्या छोट्या खेपेंतच इंधन अधिक जातें.

या गोष्टी क्षुल्लक वाटतील. पण हिशेब करून पाहा. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १२ किलोमीटर देत असेल, तर १,००० लिटर इंधन लागतें. तीच १५ देऊं लागली, तर ८०० लिटर पुरतें. वाचलेल्या २०० लिटर डिझेलबरोबर अर्ध्या टनाहून अधिक कर्बवायु हवेंत जाण्याचा वांचतो. हा प्रयोग विद्यार्थ्यांनीं घरींच करावा. टाकी पूर्ण भरावी, किलोमीटरचा आंकडा लिहून ठेवावा, पुढच्या वेळीं पुन्हा पूर्ण भरून भागाकार करावा, व तो आंकडा वहींत महिनोन् महिने मांडीत जावा. डिझेलनें सारें आयुष्य हेंच केलें.

शुभवर्तमानांतील एक प्रसंग आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. पांच भाकरी व दोन मासे यांनीं पांच हजारांची तृप्ति झाल्यावर प्रभु येशूनें उरलेले तुकडे गोळा करावयास लाविले, आणि बारा टोपल्या भरल्या. जेथें देणाऱ्याच्या हातास कमी नव्हतें, तेथेंहि तुकडा वाया जाऊं दिला नाहीं. भूमीच्या पोटांतील तेल कोट्यवधि वर्षांत तयार झालें आहे, व तें पुन्हा आपल्या हयातींत तयार व्हावयाचें नाहीं. आपण त्याचे मालक नसून कारभारी आहोंत. रुडॉल्फ डिझेलनें त्या तेलाच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब मागितला, म्हणून जग त्याचें ऋणी आहे. आपल्या घरच्या वहीचा हिशेब त्यानें वेळीं मागितला नाहीं, म्हणून आपण त्याच्यासाठीं हळहळतों. या दोन्ही वह्या नीट ठेवणारे स्त्रीपुरुष आमच्या शाळेंतून बाहेर पडोत, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही वाचकांचा निरोप घेतों.